रांगेत न दिसणारा फौजी

चि. कन्येस अनेक आशीर्वाद.

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि पलीकडच्या चंदगडातल्या माजी सैनिकांवर मानसिक आघाताचे दूरगामी परिणाम तपासायचे, हा तुझा आराखडा वाचला. फार गरजेचं काम आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर इथंच, पेन्शनर फौजी गल्लोगल्ली, तरी त्यांची झोप, दारू, संताप ही बोलणी उंबऱ्याबाहेर जात नाहीत.

आराखड्यातली एक गोष्ट मात्र बदलच. तू ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या पॉलीक्लिनिकच्या आणि फौजी कँटीनच्या रांगेतून माणसं घेणार आहेस. जुने सोबती, वर्दी, फौजेची आठवण टाळणं हे आघाताचंच लक्षण. ज्याला ते आहे तो या रांगांत आणि माजी सैनिक संघटनेच्या बैठकीत बहुधा येणारच नाही, आणि तुझा आकडा खरा असेल त्यापेक्षा कमी भरेल. म्हणून यादी गाववार कर. ग्रामपंचायत, पोस्टमन, आशाताई यांना विचारून घरं शोध. चंदगड-गडहिंग्लजचा माणूस कागदोपत्री कोल्हापूरचा, पण उपचाराला बेळगावात येतो. तेव्हा राहतं घर हाच आधार धर, नाहीतर तो दोनदा मोजला जाईल किंवा दोन्हीकडून सुटेल. फॅमिली पेन्शन घेणाऱ्या वहिनी, मावशीही यादीत हव्यात. पती कधी आणि कशानं गेले हे न विचारता नुसते जिवंत फौजी मोजलेस, तर ज्यांना सर्वांत जास्त सोसावं लागलं तेच वगळले जातील.

तुलना गावातल्या कधीच भरती न झालेल्या भावाशी नको. भरतीतच धडधाकट पोरं निवडलेली असतात, त्यामुळे सैनिक उगाच निरोगी दिसतो. एकाच वयाच्या, पण वेगळ्या नेमणुकांच्या फौजींची आपसांत तुलना कर. श्रीलंका 1987-90, कारगिल 1999, सियाचीन अशी प्रत्येक नेमणूक वर्ष आणि महिन्यांसह लिही. सियाचीनमध्ये थंडी आणि विरळ हवेचा झोपेवरचा परिणामही मिसळतो, तो वेगळा नोंदव.

आघाताची लक्षणं मोजणारी पीसीएल-5 ही प्रश्नावली घेतेस, ठीक आहे. 20 प्रश्न, प्रत्येकी 0 ते 4, एकूण 80. पण 31-33 गुणांच्या वर त्रास असावा, ही सीमारेषा मुख्यतः अमेरिकी माजी सैनिकांवरून आलेली आहे, ती इथं जशीच्या तशी लावू नकोस. काही जणांची कॅप्स-5 ही सविस्तर मुलाखत प्रशिक्षित माणसाकडून करून इथली रेषा ठरव. भाषांतर केल्यावर ते दुसऱ्या माणसाकडून उलट इंग्रजीत करून घे, आणि पाच-सहा जणांना विचार, "या प्रश्नाचा तुम्ही काय अर्थ लावला?" फौजेतले अनुभव बरेच जण हिंदीतच सांगतात, घरातलं मराठीत, एखादा कन्नडमध्ये. तिन्ही प्रती जवळ ठेव. पीसीएल-5 चे प्रश्न गेल्या महिन्याबद्दल असतात. दिवाळीनंतर लगेच गेलीस तर फटाक्यांमुळे दचकणं आणि झोपमोड वाढलेली दिसेल. प्रत्येक अर्जावर तारीख घाल.

दारूचा प्रश्न ऑडिट या पिण्याच्या सवयीच्या प्रश्नावलीनं विचार, पण "पेग" शब्दावर थांब. 42.8 टक्क्यांच्या रमचा 60 मिलीचा पेग म्हणजे सुमारे 20 ग्रॅम अल्कोहोल, आणि ऑडिटचं माप 10 ग्रॅमचं आहे. म्हणजे एक पेग दोन मोजायचा. हे चुकलं की पिण्याचं प्रमाण निम्म्यावर येतं. पेला मागून घे, त्यात पाणी ओतून दाखवायला सांग.

बंदुकीच्या आवाजानं अनेकांचे कान गेलेले असतात. मोठ्यानं विचारलंस तर शेजारीही ऐकेल आणि माणूस खोटं सांगेल. 0 ते 4 मोठ्या अक्षरात छापलेली कार्डं ने, त्यानं बोट ठेवावं. मुलाखत घ्यायला निवृत्त सुभेदार नेमू नकोस. हवालदार त्याच्यासमोर "सब ठीक है, साब" एवढंच म्हणेल. पत्नीशी वेगळं बोल, तिची संमती वेगळी घे, आणि एकाचं बोलणं दुसऱ्याला सांगू नकोस.

पीएचक्यू-9 या नैराश्याच्या प्रश्नावलीचा नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. उत्तर 0 नसेल तर पुढं काय, हे घरात पाऊल टाकण्याआधी लिहून ठरव. कोणता डॉक्टर त्याच दिवशी भेटेल, गाडी कोण देईल, घरात परवान्याची बंदूक आहे का, हे सगळं त्यात हवं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर प्रत्येक घरी कागदावर देऊन ये. डॉक्टर नक्की झाला नसेल, तर पहिली मुलाखत पुढं ढकल.