मीटर बदलू नका, पहिल्या आकड्यावर थांबू नका

तुमचं लिखाण काल रात्री वाचलं आणि झोपच उडाली. १६ वर्षांचा खच्ची घोडा, संध्याकाळी पोटशूळ, रक्तातलं लॅक्टेट (ऊतींना ऑक्सिजन कमी पडला की वाढणारा घटक, दोनच्या आत असलं की ठीक) १.६ मिलिमोल प्रति लिटर, म्हणून सकाळपर्यंत थांबलात. सकाळी ५.२. मग धावाधाव, ऑपरेशन, आतड्याचा तुकडा काढावा लागला. घोडा वाचला हे वाचून फार बरं वाटलं. आता तुम्ही विचारताय की लॅक्टेट मोजायचा मीटर बिघडला होता का, आणि नवा कुठला घ्यावा.

माझ्या मते मीटर दोन्ही वेळा खरंच सांगत होता. मी पशुवैद्य नाही, बरीच वर्षं घोडे सांभाळतेय एवढंच, तेव्हा उपचाराचे निर्णय तुमच्या डॉक्टरांचेच. पण नेमकं हेच माझ्याकडे घडलंय, आणि माझी घोडी वाचली नाही.

ती १८ वर्षांची होती. संध्याकाळी सहाच्या सुमाराला चंदी तशीच सोडून पोटाकडे वळून बघायला लागली, पुढच्या पायाने जमीन उकरायला लागली. हृदयाचे ठोके मिनिटाला ४८. डॉक्टर आले, नाकातून जठरात नळी घातली, फारसं काही परत आलं नाही. लॅक्टेट १.३. फ्लुनिक्सिन या वेदनाशामकाचं इंजेक्शन दिलं. तरी मनाला चैन पडेना, म्हणून मी शस्त्रक्रियेची सोय असलेल्या एका मोठ्या रुग्णालयाला फोन केला. पलीकडून एकच प्रश्न आला: लॅक्टेट किती? १.३ म्हटल्यावर, "मग आणायची गरज नाही, सकाळी कळवा." वय विचारलं नाही. ठोके विचारले नाहीत. कळा किती वेळापासून आहेत, औषध देऊन किती वेळ झाला, काहीच नाही. पोटातलं पाणी, म्हणजे पोकळीत आतड्यांभोवती असणारा द्रव, काढून पाहिलं का, हे तर नाहीच. एवढी यंत्रसामग्री असलेल्या ठिकाणी फोनवर बसवलेल्या माणसाला चार प्रश्न शिकवता येत नाहीत? त्या फोनचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

पण सगळं खापर त्यांच्यावर फोडून चालणार नाही. डॉक्टर स्वतःहून म्हणाले होते, पोटातलं पाणी काढून बघू या. मीच नको म्हटलं. आकडा चांगला आलाय, फोनवरही तेच सांगितलं, मग उगाच सुई कशाला, असं वाटलं. जीव भांड्यात पडला होता ना. इंजेक्शनमुळे घोडी शांत उभी राहिली आणि मी ते सुधारणेचं लक्षण समजले. रात्रीत पुन्हा एकदाही लॅक्टेट मोजलं नाही. पहाटे चारला मोतद्दाराने हाक मारली तेव्हा ती घामाने निथळत होती, ठोके ८४, हिरड्या विटकरी लाल, लॅक्टेट ६.८. पोट उघडलं तर चरबीची एक गाठ लांब देठासकट लहान आतड्याला गुंडाळलेली, आणि पुढचं आतडं काळं पडलेलं. कापून जोडण्यासारखं फार थोडं उरलं होतं. तिला टेबलावरूनच उठू दिलं नाही. वय झालेल्या घोड्यांत ही गाठ जास्त आढळते, म्हणून तर फोनवर वय विचारायला हवं होतं.

संध्याकाळी १.३ का आलं, हे मला नंतर डॉक्टरांनी समजावलं. ऊतीला ऑक्सिजन कमी पडला की लॅक्टेट तयार होतं. आतड्याला फास बसला की पातळ भिंतीच्या शिरा आधी दबतात, त्यामुळे त्या तुकड्यातलं रक्त तिथेच कोंडतं. थोडंफार बाहेर पडलं तरी यकृत ते साफ करतं. बाकी शरीराचा रक्तपुरवठा अजून ठीक असतो, त्यामुळे मानेच्या शिरेतून घेतलेल्या रक्तात काही दिसत नाही. पण घुसमटलेल्या आतड्याच्या भिंतीतून लॅक्टेट पोटाच्या पोकळीत झिरपत राहतं. निरोगी घोड्यात पोटातल्या पाण्याचं लॅक्टेट रक्ताइतकं किंवा त्याहून कमी असतं. ते रक्तापेक्षा वर गेलं की फासाची शंका घ्यायची, आणि पाणी गवती पिवळं, नितळ असण्याऐवजी लालसर आलं तर आणखीच. रक्तात दोन आणि पाण्यात चार असं आलं तर मी तरी तिसऱ्या आकड्याची वाट न बघता घोडा गाडीत चढवीन. दोन्ही नमुने एकाच वेळी, एकाच मीटरवर मोजायचे. हे मीटर रक्तासाठी बनवलेले असतात, त्यामुळे पाण्यावरचा आकडा थोडा इकडेतिकडे होऊ शकतो.

पाणी काढणं हे डॉक्टरांचंच काम, आपण हात लावायचा नाही. आतडं फुगलेलं किंवा वाळूने जड झालेलं असेल तर सुई आतड्यात जाऊ शकते. सोनोग्राफी करून जागा ठरवली तर बरं. आणि पाणी चांगलं आलं म्हणूनही निर्धास्त होऊ नका. आतडं अंडकोषात, छातीत किंवा यकृताजवळच्या फटीत अडकलं असेल तर पोटातलं पाणी स्वच्छ राहू शकतं. लाकूड दातात धरून हवा आत ओढायची सवय असलेल्या घोड्यांत त्या फटीत आतडं अडकण्याचं प्रमाण जास्त असतं, ती सवय असेल तर फोनवर आधी तेच सांगा.

उलट बाजूही आहे. मोठ्या आतड्याला पूर्ण पीळ पडला की रक्तातलं लॅक्टेट झपाट्याने चढतं, तिथे अर्धा तासही दवडायचा नसतो. पण प्रत्येक चढा आकडा म्हणजे शेवट नव्हे. खूप लोळलेला, धडपडलेला, पाणी कमी पडलेला घोडाही चार-पाच दाखवतो, आणि सलाइन दिल्यावर खाली येतो. खाली येतोय की नाही, हेच बघायचं. म्हणून मी आता दर दीड-दोन तासांनी मोजते आणि आकड्याशेजारी वेळ, ठोके, दिलेलं औषध लिहून ठेवते. वेदनाशामक दिल्यावर तर जास्तच, कारण तेव्हा घोड्याच्या वागण्यावर विश्वास ठेवता येत नाही.

नमुना प्रयोगशाळेत पाठवणार असाल तर राखाडी टोपणाची फ्लोराइड असलेली नळी मागून घ्या. साध्या नळीत लाल पेशी साखर वापरत राहतात आणि लॅक्टेट आपोआप वाढतं. एकदा मला अहवालात नुसतं "१६" लिहून आलं, एकक नाही. हातपाय गळाले. ते मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर होतं. मिलिमोलमध्ये आणायला ९ ने भागायचं, म्हणजे पावणेदोन. एकक न लिहिता अहवाल देणाऱ्यांना काय म्हणावं.

ऑपरेशननंतर तुमच्या घोड्याचं लॅक्टेट किती वेळाने दोनच्या आत आलं, ते जमलं तर लिहा. आणि मीटरच्या पट्ट्या तबेल्यात खिडकीशी ठेवत असाल तर आजच घरात आणा, उन्हाने खराब होतात.