लेअर्स केले की पान फुगतं, काय करू?

प्रश्न: ताई, लेकीच्या पहिल्या वर्षाचं स्क्रॅपबुक करतेय, १२ बाय १२ इंचाचं. तलावपाळीवरचे फोटो, बारशाची पत्रिका, सगळं एकावर एक चिकटवलं तर पान वाकडं झालं आणि अल्बम मिटतच नाही. लेअरिंग नेमकं करतात कसं?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: अगं, पान वाकतंय ते गममुळे. पांढऱ्या गममध्ये पाणी असतं, कागद ते पितो आणि सुकताना आकसतो, त्यात आपल्याकडचा पावसाळा म्हणजे बघायलाच नको. डबल साइड टेप घे, अ‍ॅसिड-फ्री लिहिलेली, म्हणजे आम्ल नसलेली, त्याने कागद-फोटो लवकर पिवळे पडत नाहीत.

आता जाडी. सगळ्यात खालचा कार्डस्टॉक, म्हणजे जाड कडक कागद, २०० जीएसएमच्या वरचा (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन), बाकी कागद पातळ. आणि फोटोखाली जो कागद झाकलाच जातो तो मधून कापून काढ ना, कडेची चौकट तेवढी ठेव, दिसायला थर तेवढेच, जाडी कमी, शिवाय कापलेला तुकडा दुसऱ्या पानाला होतो. फोटोभोवती ५ मिमी कड दिसली तरी पुरे. एखादा कागद जरा तिरका लाव, एखादी कड हाताने फाड, सगळं पट्टीने आखल्यासारखं नको, मला तरी ते ऑफिसच्या फायलीसारखं वाटतं.

फोम टेप, म्हणजे स्पंजसारखी जाड टेप, वरची गोष्ट उचलून दाखवणारी, फक्त एकाच गोष्टीखाली, मेन फोटो किंवा लेकीचं नाव. पत्रिका मूळची चिकटवू नकोस, कलर झेरॉक्स काढून त्यातला पाळणा तेवढा काप.

चिकटवायच्या आधी सगळं नुसतं मांडून मोबाइलवर फोटो काढ, मग उचलून खालच्या थरापासून लावत ये.