इमेज टाकण्याआधी मशीन ओळखायचं कसं

हिंजवडीत डेस्कटॉप सपोर्टला नवीन लागलायस, तर इमेज, म्हणजे विंडोजची तयार प्रत, मशीनवर टाकण्याआधीची एक सवय आत्ताच लाव: स्टिकर बघून मॉडेल ठरवू नकोस, मशीनलाच विचार. विन-पीईमध्ये (इन्स्टॉलेशनसाठीची छोटी विंडोज) बूट झाल्यावर डब्ल्यूएमआयच्या (मशीनची माहिती देणारी विंडोजची सोय) ‘विन३२ कॉम्प्युटरसिस्टिम’ क्लासमधून कंपनी आणि मॉडेल दोन्ही मिळतात. मात्र विन-पीईच्या बूट इमेजमध्ये डब्ल्यूएमआयचं कॉम्पोनंट आधी घालावं लागतं, पॉवरशेल वापरणार असशील तर तेही. नाहीतर तुझ्या लॅपटॉपवर सुरळीत चाललेली स्क्रिप्ट तिथे ढिम्म हलणार नाही.

लेनोव्होची तऱ्हा वेगळी. मॉडेलच्या जागी कोड येतो. त्याची पहिली चार अक्षरं म्हणजे मशीन टाइप, ड्रायव्हर त्यावरूनच जुळव. ‘थिंकपॅड’ वगैरे ओळखीचं नाव ‘विन३२ कॉम्प्युटरसिस्टिमप्रॉडक्ट’च्या व्हर्जनमध्ये सापडतं.

पुण्याच्या तापकीर गल्लीतून असेंबल करून आणलेल्या मशीनवर मॉडेल म्हणून बऱ्याचदा ‘टू बी फिल्ड बाय ओईएम’ (म्हणजे ‘बनवणाऱ्याने भरायचं’) एवढंच दिसतं. भरायचे कष्ट कुणी घेतलेलेच नसतात! तिथे बेसबोर्डचा, म्हणजे मदरबोर्डचा, प्रॉडक्ट वाच.

लॅपटॉप की डेस्कटॉप हे चॅसिस टाइपवरून, म्हणजे मशीनच्या बांधणीच्या आकड्यावरून, कळतं: ३ डेस्कटॉप, ९ लॅपटॉप, १० नोटबुक. पण ३१ कन्व्हर्टिबल आणि ३२ डिटॅचेबलही लॅपटॉपच्या आकड्यांत घे, जुन्या स्क्रिप्टमध्ये ते नसतात. डॉकवरच्या लॅपटॉपचा आकडा १२ येऊ शकतो, म्हणून डॉक काढूनच इमेज टाक. बॅटरी आहे का, एवढ्यावर विसंबू नकोस. यूएसबीने जोडलेला यूपीएसही बॅटरी म्हणून दिसतो.

आणि मॉडेल तुझ्या मॉडेलांच्या यादीत नसेल तर टास्क सीक्वेन्स (इमेज टाकायच्या पायऱ्या ओळीने चालवणारा क्रम) डिस्क फॉरमॅट व्हायच्या आधीच थांबला पाहिजे, नंतर नाही.