टेम्पेलहोफसमोरचा फ्लॅट आणि भाग्यनगरातील प्लॉट

बेळगावातील अनगोळ येथील एका निवृत्त मुख्याध्यापकांचे सविस्तर पत्र आले आहे. त्यांची एकुलती एक मुलगी सहा वर्षांपासून बर्लिनमध्ये अभियंता म्हणून नोकरी करते आणि दरमहा १,१५० युरो भाडे भरते. शहराच्या नॉयकोल्न भागात, बंद झालेल्या टेम्पेलहोफ विमानतळाच्या मैदानासमोर, तिला ३ लाख २० हजार युरोंचा एक फ्लॅट पसंत पडला आहे. तिची स्वतःची शिल्लक ३० हजार युरो आहे. वडिलांनी २००३ साली भाग्यनगरात २ लाख ४० हजारांना घेतलेल्या ३० बाय ४०च्या प्लॉटला आज ७२ लाखांचे गिऱ्हाईक आले असून, तो विकून ५० लाख रुपये मुलीला पाठवावेत का, असा त्यांचा प्रश्न आहे. राहते घर स्वतःचे आहे, पेन्शन ४६ हजार, बँकेत १८ लाखांच्या ठेवी आणि पत्नीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया येऊन ठेपलेली. मैदानावर बांधकाम झाले तर भाव वाढेल आणि नाही झाले तर समोरचे मोकळे दृश्य कायम राहील, म्हणजे दोन्हीकडून फायदाच, असे तिथल्या एजंटाने सांगितले आहे. मात्र बर्लिनच्या निवडणुकीआधी निर्णय घ्या, असा त्याचा आग्रह आहे.

सर, पत्रासोबत आपण मुलीने बाल्कनीतून काढलेला फोटो पाठवला आहे. रुंद धावपट्टी, तिच्यावर सायकली चालवणारी मुले, वर दोन पतंग. हे दृश्य पाहून कोणाचेही मन तिथे रमेल आणि तिला तिथे राहावेसे वाटते यात काही चूक नाही. परंतु एजंटाने त्या दृश्याला जी किंमत लावली आहे ती पक्षांच्या राजकारणावर उभी आहे, म्हणून आधी ते राजकारण नीट पाहू.

टेम्पेलहोफवरची विमाने ३० ऑक्टोबर २००८ रोजी थांबली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विमानतळ चालू ठेवण्यासाठी सार्वमत झाले होते. मतदान करणाऱ्यांपैकी बहुसंख्यांनी विमानतळाच्या बाजूने कौल दिला, पण आवश्यक तेवढे मतदारच न आल्याने तो फोल ठरला. २०१० पासून सुमारे ३०० हेक्टरांचे हे मैदान लोकांसाठी खुले झाले. पुढे सोशल डेमोक्रॅट आणि ख्रिश्चन डेमोक्रॅट यांच्या आघाडी सरकारने मैदानाच्या कडेला सुमारे ४,७०० घरे आणि मोठे ग्रंथालय बांधण्याची योजना आणली, तेव्हा २५ मे २०१४ च्या सार्वमतात ६४ टक्क्यांहून अधिक मतदारांनी ती फेटाळून मैदान मोकळे ठेवणारा कायदाच संमत केला. एवढे वाचले की कायदा आहे, म्हणजे दृश्य सुरक्षित आहे, असे वाटते. प्रत्यक्षात सार्वमताने आलेला हा कायदा तिथली विधानसभा साध्या कायद्याप्रमाणे बदलू शकते आणि २०१६ मध्ये निर्वासितांच्या तात्पुरत्या निवाऱ्यासाठी तिने तो बदललाही. २०२३ मध्ये महापौर काई वेगनर यांच्या नेतृत्वाखाली पुन्हा त्याच दोन पक्षांचे सरकार आले आणि कडेच्या बांधकामाचा विषय परत पटलावर आला. ग्रीन आणि डी लिंके (डावे) हे पक्ष त्याला विरोध करतात. २०२६ हे तिथल्या विधानसभेच्या निवडणुकीचे वर्ष असल्यामुळे एजंटाची घाई कुठून येते हे आपल्या लक्षात येईल.

त्याच शहरातील दुसऱ्या विमानतळाची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. सप्टेंबर २०१७ च्या सार्वमतात बहुसंख्य मतदारांनी टेगेल विमानतळ चालू ठेवा असे सांगितले, पण ते मत सरकारवर बंधनकारक नव्हते. नोव्हेंबर २०२० मध्ये टेगेल बंद झाला आणि आता त्या जागेवर तंत्रज्ञान उद्योगांची वसाहत आणि पाच हजारांहून अधिक घरांची वस्ती आखली आहे. एका ठिकाणी लोकांचा कौल कायदा झाला, दुसऱ्या ठिकाणी तो कागदावर राहिला. लोकांची इच्छा आणि सरकारचा निर्णय यांत किती अंतर पडू शकते हे १९५६ पासून सीमाभागात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना कोणी समजावण्याची गरज नाही. हलगा-मच्छे बायपासचेही आपण पाहिलेच आहे. पिकाऊ जमीन वाचवण्यासाठी शेतकरी वर्षानुवर्षे कोर्टात उभे राहिले, आणि त्याच काळात बायपास आज होईल, उद्या होईल या भरवशावर आसपासचे प्लॉट घेतलेल्या माझ्या परिचयातील एका कुटुंबाचे पैसे दहा वर्षे अडकून पडले. बायपास व्हावा की होऊ नये हा वेगळा प्रश्न आहे, पण त्या कुटुंबाने जमिनीपेक्षा आश्वासनाला जास्त पैसे मोजले होते.

म्हणून एजंटाचे ‘दोन्हीकडून फायदा’ हे गणित मी मान्य करत नाही. बांधकाम झाले तर दृश्य जाईल आणि कित्येक वर्षे समोर क्रेन व धूळ राहील. बांधकाम झाले नाही, तर मोकळ्या मैदानाची किंमत आजच्या भावात आधीच धरलेली आहे. मुलीने हा फ्लॅट घ्यायचाच असेल, तर समोर मैदान नसते तरी आपण एवढीच किंमत दिली असती का, या एका प्रश्नाच्या उत्तरावर घ्यावा.

आता पैशांकडे येतो, कारण मला खरी काळजी तिथे आहे. प्लॉट विकल्यावर ६९ लाख ६० हजारांचा दीर्घकालीन भांडवली नफा होतो. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या जमिनीला महागाई निर्देशांक लावून २० टक्के किंवा तो न लावता साडेबारा टक्के, असे दोन पर्याय आहेत. आपल्या बाबतीत दुसरा स्वस्त पडतो आणि अधिभार व उपकर धरून कर सुमारे ९ लाख ९५ हजार होतो. घर घेतल्यास मिळणारी सूट केवळ भारतातील घराला लागू असल्याने बर्लिनच्या फ्लॅटमुळे हा कर वाचत नाही. मुलीला पैसे पाठवायला कायद्याची आडकाठी नाही. प्रत्येक निवासी व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. मात्र १० लाखांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ गोळा केलेला कर, कापून घेते, म्हणजे ५० लाखांवर ८ लाख. ते पुढे विवरणपत्रात वळते होतात किंवा परत मिळतात, पण तोपर्यंत ७२ लाखांच्या प्लॉटपैकी आपल्या हातात जेमतेम ४ लाख उरतात. जर्मनीत आईवडिलांकडून मिळालेल्या भेटीला प्रत्येकी ४ लाख युरोपर्यंत कर नाही, पण तिने तीन महिन्यांत तिथल्या कर कार्यालयाला कळवावे लागते, हे तिला सांगून ठेवा.

आणि त्या ५० लाखांचे तिथे काय होते? युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर ते ५० हजार युरो होतात. बर्लिनमध्ये घर खरेदीवर ६ टक्के हस्तांतर कर, नोटरी व नोंदणीचे सुमारे २ टक्के आणि एजंटाचे साधारण साडेतीन टक्के, असे मिळून जवळपास ३७ हजार युरो केवळ खर्चात जातात, आणि तिथल्या बँका हा खर्च खरेदीदाराच्या खिशातूनच मागतात. बावीस वर्षांहून अधिक काळ जपलेल्या प्लॉटमधून पाठवलेल्या प्रत्येक ५० रुपयांतले ३७ रुपये भिंतीत नव्हे, तर कर आणि शुल्कात जिरणार. उरलेले पैसे आणि तिची शिल्लक घालूनही पावणेतीन लाख युरोंहून अधिक कर्ज राहते. पावणेचार टक्क्यांच्या आसपास व्याज आणि २ टक्के मुद्दल फेड धरली तर हप्ता १,३०० युरोंच्या वर जातो आणि इमारतीचा मासिक खर्च वेगळा. आजच्या भाड्यापेक्षा हा बोजा बराच मोठा आहे.

म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा, की या फ्लॅटसाठी प्लॉट विकू नका. प्लॉट विकणे आणि मुलीचे घर हे दोन स्वतंत्र निर्णय आहेत आणि आपल्या पत्रात ते एकमेकांत गुंतले आहेत. प्लॉट विकण्याला मात्र माझा विरोध नाही. उत्पन्न न देणाऱ्या एका जागेत एवढी रक्कम अडकवून ठेवण्यापेक्षा, महापालिकेचा ई-खाता (मालमत्तेच्या नोंदीचा डिजिटल उतारा) हाती असेल आणि ७२ लाख पूर्ण पांढऱ्या व्यवहारात मिळत असतील, तर विका. सहा महिन्यांच्या आत ५० लाख भांडवली नफा करसवलतीच्या सरकारी कंपन्यांच्या बाँडमध्ये घाला. व्याज सुमारे सव्वापाच टक्केच आहे आणि पाच वर्षे पैसे बांधले जातात, पण कर ९ लाख ९५ हजारांवरून सुमारे अडीच लाखांवर येतो. उरलेल्या साडेएकोणीस लाखांतून आधी शस्त्रक्रियेची तरतूद वेगळी काढा, आणि नंतर वाटल्यास मुलीला १० लाखांपर्यंत पाठवा, त्यावर टीसीएस लागणार नाही. तिने पाच वर्षे दरमहा हजार युरो बाजूला टाकले तर तिची स्वतःची शिल्लक ९० हजारांवर जाईल आणि त्या वेळी बाँडही मोकळे होतील. पैसे पाठवताना तेव्हाही आईच्या आणि आपल्या नावाने दोन आर्थिक वर्षांत विभागून पाठवता येतील.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या पत्रात एका ओळीत आली आहे आणि मला सर्वांत गंभीर वाटते. जाहिरातीत फ्लॅट ‘भाडेकरूसह’ असल्याचे लिहिले आहे आणि मुलगी म्हणते की भाडेकरू वर्षभरात निघेल. भाडेकरू राहत असताना इमारतीचे स्वतंत्र फ्लॅटमध्ये विभाजन झाले असेल, तर बर्लिनमध्ये विभाजनानंतरच्या पहिल्या विक्रीपासून १० वर्षे त्याला स्वतःच्या वापरासाठीही बाहेर काढता येत नाही. आजूबाजूच्या फ्लॅटपेक्षा हा स्वस्त का, याचे उत्तर बहुधा इथेच आहे. तिला आजच सांगा की एजंटाला लेखी दोन गोष्टी विचाराव्यात: विभाजनाची नोंद कोणत्या तारखेची आहे आणि सध्याचा भाडेकरू तिथे केव्हापासून राहतो. त्याचे उत्तर हाती येईपर्यंत तिने आगाऊ रक्कम देऊ नये, नोटरीची तारीख घेऊ नये आणि आपणही भाग्यनगरच्या गिऱ्हाइकाकडून बयाणा घेऊ नये.