एका अक्षरासाठी रात्र

प्रश्न: १ ते १०० आकडे छापायचे, ३ ने भाग गेला तर ‘फिझ’, ५ ने गेला तर ‘बझ’, दोन्हींनी गेला तर ‘फिझबझ’. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत इफ-एलिफची, म्हणजे एकाखाली एक अटींची, उतरंड लावून सोडवलं. कोड आणखी आखूड कसा करू?

उत्तर: आधी ती उतरंड मोडा! पायथॉनमध्ये खरं म्हणजे १, खोटं म्हणजे ०. म्हणून ‘फिझ’ला थेट अटीने गुणायचं. अट खोटी ठरली की शब्द रिकामा. ‘बझ’चंही तसंच. दोन्ही जोडा, पुढे ‘ऑर’ लावून आकडा ठेवा. जोड रिकामी असली तर आकडा आपोआप छापला जातो. पंधराची वेगळी अट लागतच नाही.

आता चिंधीचोरी. बाकी शून्य आहे का हे विचारायला दोन बरोबरची चिन्हं आणि शून्य, अशी तीन अक्षरं जातात. ‘एकापेक्षा लहान’ला दोनच. हे एक अक्षर सापडायला मला अख्खी रात्र लागली होती, आणि सकाळी ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

कोडच्या लांबीची मोजणी बाइटमध्ये असेल तर चलाला, म्हणजे आकडा धरून ठेवणाऱ्या नावाला, ‘क’ म्हणू नका. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तो एकटाच ३ बाइट खातो. आणि असला कोड ऑफिसात? छे!