वाचक विचारतात: डलास वाढलं कशावर?

प्रश्न: मुलगा दोन वर्षं झाली टेक्सासात डलासला नोकरी करालाय. म्हणतोय इथं समुद्र नाही, बोट चालंल अशी नदी नाही, खरं शहर बघितलं तर केवढं! हे वाढलं कशावर? आणि रस्त्याला 'एफएम' आणि नंबर लिहिलेल्या पाट्या असतात, त्या कसल्या? – एक वाचक, निपाणी

उत्तर: अण्णा, पहिल्यांदा तिथली माती बघूया. डलासच्या भोवतीची जमीन म्हणजे आपल्या अथणी-सौंदत्तीकडच्या काळ्या रानाची बहीणच, मातीचे अभ्यासक पण दोन्ही एकाच जातीत धरतात. कापूस जोरात येतो, खरं पाऊस लागला की चाकं रुतून गाडी जाग्यावर. नद्या सगळ्या मेक्सिकोच्या आखाताकडं जातात खऱ्या, पण तोंडाशी वाळूचे बांध, मधे लाकडांचे ढीग आणि उन्हाळ्यात पाणी कमी, त्यामुळं रेल्वे यायच्या आधी आतल्या भागातला कापूस बैलगाडीतनंच ह्यूस्टनकडं न्यायचा, आणि त्याला आठवडेच्या आठवडे जायचे. हा कापूस बहुतेक गुलाम केलेल्या काळ्या माणसांच्या हातचा होता, हे सोडून टेक्सासचा इतिहास सांगताच येत नाही. त्यांच्या सुटकेचा हुकूम गॅल्व्हस्टनला जाहीर झाला तो 19 जून 1865 ला.

टेक्सासातली पहिली रेल्वे 1853 ला धावली, हॅरिसबर्ग ते स्टॅफर्ड्स पॉइंट, फक्त 20 मैल. आता सरकारकडं पैसा नव्हता, मग रूळ कसे पडले? तर जमिनीच्या मोबदल्यात. टेक्सास आधी मेक्सिकोत होतं, 1836 ला वेगळं होऊन साडेनऊ-दहा वर्षं चक्क स्वतंत्र देश म्हणून राहिलं आणि 29 डिसेंबर 1845 ला अमेरिकेत गेलं, पण जाताना आपली पडीक सरकारी जमीन त्यांनी स्वतःकडंच ठेवली. (मेक्सिकोशी सीमा कुठली धरायची, न्यूएसेस नदी की रिओ ग्रांदे, यावरनं 1846 ला लढाई पेटली. आपल्या भागातल्या माणसाला सीमेचं दुखणं वेगळं सांगायला नको.) मग 1854 च्या कायद्यानं रूळ टाकणाऱ्या कंपनीला मैलामागं 16 चौरस मैल जमीन मिळायला लागली. असं करत सगळी मिळून सुमारे 3 कोटी 20 लाख एकर जमीन रेल्वेला गेली, आणि त्यातली कितीतरी मुळात कोमांचीसारख्या तिथल्या मूळ आदिवासी लोकांची फिरायची, शिकारीची रानं होती!

आता डलास. 1841 ला ट्रिनिटी नदीकाठी एका झोपडीपासनं सुरू झालेलं गाव. तुमच्या निपाणीला रेल्वे नाही, त्यामुळं लाईन कुठनं जाते याची किंमत तुम्हाला कळतेच. उत्तर-दक्षिण लाईन गावाच्या पूर्वेकडनं जाणार होती, गावकऱ्यांनी रोख पैसे आणि जमीन देऊन ती 1872 ला गावाकडं वळवली. पूर्व-पश्चिम लाईन तर कितीतरी दक्षिणेकडनं निघालेली, तेव्हा डलासच्या बाजूच्या आमदारांनी कायद्यात हळूच एक ओळ घातली की लाईन ब्राउडर झऱ्यापासनं एक मैलाच्या आतनं जावी. बाकीच्यांनी मत दिलं, आणि मग कळलं की तो झरा म्हणजे डलासचं प्यायचं पाणी! 1873 ला ती पण लाईन आली, दोन्ही तिथंच एकमेकींना छेदल्या, आणि 1880 पर्यंत गाव 10 हजारांच्या वर गेलं. मला तर त्या एका ओळीचं लई कौतुक वाटतं.

राहिली ती पाटी. एफएम म्हणजे फार्म टू मार्केट, शेतापासनं बाजारापर्यंतचा रस्ता. चिखलात अडकणाऱ्या शेतकऱ्यासाठी पक्के रस्ते करायचे म्हणून 1949 ला खास कायदा करून दरवर्षी पैसे बाजूला ठेवले, आणि आज राज्य सांभाळतं त्यातले जवळपास निम्मे रस्ते ह्याच जातीचे आहेत. ऊस भरलेली ट्रॉली रानातल्या वाटेवर रुतली की काय होतं ते आपण दर हंगामाला बघतोच. मुलाला सांगा, सुट्टीच्या दिवशी एखाद्या एफएम रस्त्यानं शहराबाहेर जा आणि रस्त्याकडंची माती जरा हातात घेऊन बघ.