ते तुमच्यावर रुसलेले नाहीत

प्रश्न : ताई, माझं वय ६१, ह्यांचं ६८. दीड वर्षापूर्वी ह्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. दर तीन महिन्यांनी ल्युप्रोलाइडचं इंजेक्शन असतं, शिवाय बायकॅल्युटामाइडची रोज एक गोळी. रक्तातला पीएसए, म्हणजे या कॅन्सरवर लक्ष ठेवायला तपासतात तो आकडा, खाली आलाय, डॉक्टर समाधानी आहेत. पण घरात हे परक्यासारखे वागतात. वेगळ्या खोलीत झोपतात. रात्री घामाने भिजून उठतात. परवा मालिका बघताना रडले. मी पाठीवर हात ठेवला तर झिडकारला. छाती बायकांसारखी झाली म्हणून शर्टाखाली दोन दोन बनियन घालतात. जावेने ‘ताकद येईल’ म्हणून शिलाजीतच्या कॅप्सूल आणून दिल्यात. ह्यांना न सांगता दुधातून देऊ का? ह्यांचं मन माझ्यावरून उडालंय का?

उत्तर : आधी ती कॅप्सूल. अजिबात देऊ नका. हा कॅन्सर पुरुषी हार्मोनवर, म्हणजे टेस्टोस्टेरॉनवर पोसला जातो. शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी ते १९४१ मध्ये दाखवून दिलं आणि १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. तेव्हापासून हार्मोनवरच्या उपचाराचा गाभा एकच, त्या हार्मोनची रसद तोडायची. ‘मर्दानी ताकद’ वाढवणारी म्हणून विकली जाणारी वस्तू अशा माणसाला चोरून देणं म्हणजे एका हाताने विझवायचं आणि दुसऱ्या हाताने फुंकर घालायची. शिवाय असल्या औषधांत न सांगता सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, मिसळलेलं सापडलंय. हृदयाच्या काही गोळ्या चालू असतील तर त्याने रक्तदाब एकदम कोसळू शकतो.

आता तुमच्या घरात काय चाललंय ते सांगते. मेंदू साधारण दीड-दोन तासांनी एकेक निरोप पाठवतो, तो पुढे वृषणांपर्यंत जातो आणि तिथे टेस्टोस्टेरॉन तयार होतं. इंजेक्शन हा निरोप अखंड वाजवत ठेवतं. आधी एक-दोन आठवडे हार्मोन उलट वाढतं, मग निरोप घेणारी ग्रंथी ऐकेनाशी होते आणि तीन-चार आठवड्यांत उत्पादन जवळजवळ थांबतं. गोळीचं काम वेगळं. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तशी ती पेशीतली टेस्टोस्टेरॉनची जागा अडवून बसते. थोडंफार हार्मोन मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून येतं, त्यालाही मग बसायला जागा मिळत नाही.

पुरुषाच्या रक्तात एरवी हे हार्मोन साधारण ३०० ते १००० (नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर) असतं. तुमच्या यजमानांचं मुद्दाम ५० च्या खाली ठेवलंय. एवढं कमी झालं की नुसती क्षमता जात नाही, इच्छाच मावळते. तुमच्याकडे बघून मावळली असं नाही, कोणाकडेही बघून ती उठणार नाही. पुरुषाच्या अंगात थोडं स्त्री-हार्मोन असतंच. समोरचं पारडं हलकं झालं की छाती भरते, दुखते. त्यावर उपाय आहेत, डॉक्टरांना स्पष्ट विचारा. गाठ लागली तर दाखवाच.

मग हात का झिडकारला? मला वाटतं, तुमच्या हातात त्यांना मागणी दिसते आणि ती पुरवता येणार नाही याची त्यांना लाज वाटते. म्हणून आधी तोंडाने सांगा, ‘मला काही नको, नुसतं जवळ बसायचंय.’ हे एकदा सांगून भागणार नाही. चार वेळा सांगावं लागेल.

आणि एक गोष्ट फक्त तुम्हीच करू शकता. तुमची पाळी गेली ते दिवस आठवा. मानेपासून वर चढणारा जाळ, भर थंडीत फेकून दिलेली गोधडी, विनाकारण भरून येणारे डोळे. त्यांना आज नेमकं तेच होतंय, फक्त तुमचं सावकाश झालं आणि त्यांचं महिन्याभरात. तुम्ही तेव्हा हे कोणाला सांगितलं होतं का? बहुधा नाही. आता त्यांना सांगा. रात्री ते उठून बसले की काही न बोलता कोरडा बनियन पुढे करा, पंखा वाढवा. ‘मला पण असंच व्हायचं,’ एवढं म्हणा. आपलं बायल्यासारखं झालंय ही जी टोचणी त्यांना आहे, ती कुठल्याही डॉक्टरपेक्षा तुमच्या या वाक्याने कमी होईल, असं मला मनापासून वाटतं.

उदासी आठवडेच्या आठवडे हटली नाही, जेवण-झोप तुटली, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. त्यावर औषध असतं. या उपचाराने हाडं ठिसूळ होतात, स्नायू झडतात, साखर वाढू शकते. म्हणून रोज चालणं हवंच, आणि थोडं वजन उचलणंही. हाडांची तपासणी, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांबद्दल विचारा. इंजेक्शन मात्र मनाने बंद करू नका. ते किती दिवस चालणार, मध्ये थांबवता येईल का, हे डॉक्टरच ठरवतील. थांबवल्यावरही हार्मोन परतायला महिने लागतात, आणि या वयात ते पूर्ण परतेलच असं नाही.

पुढच्या इंजेक्शनच्या दिवशी बाहेरच्या बाकावर थांबू नका, त्यांच्याबरोबर आत जा. घाम, छाती, रडणं, सगळं कागदावर लिहून न्या. ते स्वतः सांगणार नाहीत. जावेने दिलेली ती डबीही पिशवीत टाका आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा.